शेतकऱ्याच्या शाळेंत प्राध्यापक

पिंपळे सौदागर हें नांव पुण्याकडील श्रोत्यांना अपरिचित नाहीं. पवनेच्या कांठीं वसलेल्या या गांवांत आज बहुमजली इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. तेथें राहणाऱ्या मंडळींना, आपल्या पायांखालीं एके काळीं बाजरी डोलत होती, असें सांगितलें तर तें त्यांना खरेंहि वाटावयाचें नाहीं. परंतु शेतीशास्त्राच्या इतिहासांत या लहानशा गांवाची नोंद निराळ्याच कारणासाठीं झालेली आहे. पहिलें महायुद्ध चालू होतें त्या सुमारास पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन हे आपल्या सहकाऱ्यांना घेऊन या गांवाचा अभ्यास करीत होते. शेतकऱ्याला कांहीं शिकविण्याऐवजीं ते त्यालाच प्रश्न विचारीत आणि उत्तरें लिहून घेत. जमीन किती, तुकडे किती, बैल किती, खत किती, कर्ज किती, आणि घरांत खाणारीं तोंडें किती? प्राचार्यानें विद्यार्थी व्हावें, हा प्रकार त्या काळीं थोडा चमत्कारिकच होता.

आज निरनिराळ्या देशांच्या विद्यापीठांतून 'शाश्वत शेती' आणि 'अन्नव्यवस्था' हे विषय शिकविले जातात, त्यांत पदव्या मिळतात. नांवें नवीं आहेत. परंतु माती, पीक, गुरेंढोरें, शेतकरी आणि त्याचा संसार हीं सर्व एकाच दृष्टींत घ्यावीं, त्यांची फाडाफाड करूं नये, हा जो त्या विषयाचा गाभा, तो आपल्याकडे पुणें आणि इंदूर या दोन ठिकाणीं शंभर वर्षांपूर्वीं प्रत्यक्ष कामांत उतरला होता. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे. या हकीकतींत दोन इंग्रज गृहस्थ आहेत, आणि ज्यांचीं नांवें आतां सहसा कोणी घेत नाहीं असे कांहीं मराठी गृहस्थहि आहेत. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं; विद्यापीठाचा उंबरठा मला बाहेरूनच ठाऊक. परंतु अडतीस वर्षें मुलांना शिकवितांना, येथें कोण कोणाला शिकवीत आहे, हा प्रश्न माझ्या मनांत वारंवार येत असे, आणि म्हणूनच ही हकीकत मला जवळची वाटते.

पुण्यांत शेतकीच्या उच्च शिक्षणाचा आरंभ १८७९ सालीं झाला. त्या वर्षीं तेथील इंजिनियरिंग कॉलेजांत शेतकीचा एक वर्ग जोडण्यांत आला. म्हणजे आरंभीं शेतकी ही पूल आणि रस्ते यांच्या शेजारीं बसून शिकली. पुढें मुंबई विद्यापीठानें या विषयांत पदवीहि देण्यास सुरुवात केली. तथापि शिकून बाहेर पडलेला तरुण नांगराकडे परत जाई, असें मात्र घडलें नाहीं. बहुतेक जण सरकारी खात्यांत शिरत. त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. ज्या बापानें कर्ज काढून मुलाला पुण्यास ठेविलें, तो मुलानें पुन्हां त्याच कर्जाच्या शेतांत राबावें अशी इच्छा कशी करील?

त्याच पुण्यांत, १८८३ सालीं, जोतीराव फुले यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. या ग्रंथाची ख्याति त्यांतील सामाजिक टीकेसाठीं आहे, आणि ती यथार्थच आहे. परंतु शेतीचा अभ्यास म्हणून तो वाचला तर वाचक चकित होतो. डोंगरावरील पालापाचोळा, जनावरांचें शेण, मेलेल्या जीवजंतूंचा अंश हीं सर्व पावसाच्या पाण्याबरोबर खालीं येऊन शेतांना फुकट खत कसें मिळे, आणि जंगलखात्यानें रानें अडविल्यावर गुरांच्या चराईची काय दशा झाली, याचें त्यांत विवेचन आहे. उपायहि सांगितले आहेत. पाणी धांवतें न राहतां जमिनींत मुरावें म्हणून जागोजाग ताली-बंधारे घालावे, आणि त्या कामाला सरकारनें आपली रिकामी बसलेली फौज व पोलिस लावावे. शेतकऱ्यांच्या मुलांना परदेशांतील शेतकीच्या शाळा पाहावयास पाठवावें. माती, पाणी, गुरें, रान, कर्ज आणि शिक्षण हीं सारीं एका सूत्रांत ओवणारें हें लिखाण ज्या शहरांत झालें, त्याच शहरांतील शेतकीच्या वर्गांत तें कोणी वाचावयास दिलें असेल, असें मला वाटत नाहीं.

सरकारालाहि आपल्या कारभाराविषयीं कांहीं शंका होतीच. १८८९ च्या अखेरीस इंग्लंडांतील रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांना हिंदुस्थानची शेती तपासण्यासाठीं पाठविण्यांत आलें. वर्षाहून अधिक काळ देश पालथा घालून त्यांनीं जो अहवाल लिहिला, तो १८९३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील निष्कर्ष मोठा प्रामाणिक होता. येथील शेतकरी अडाणी व आळशी आहे, ही समजूत चूक आहे. कित्येक बाबतींत तो सामान्य इंग्रज शेतकऱ्याच्या बरोबरीचा, किंबहुना त्याच्याहून सरस आहे. त्याला उणीव आहे ती ज्ञानाची नव्हे, साधनांची. शेणाच्या गोवऱ्या करून तो खत जाळतो, कारण त्याच्याजवळ दुसरें जळण नाहीं. तेव्हां त्याला उपदेश करण्यापेक्षां सरपणासाठीं झाडें लावा, असें व्होल्कर यांनीं सांगितलें. चुलींतील गोवरी आणि शेतांतील कसहीन माती यांचा संबंध इतक्या स्पष्टपणें सरकारी कागदावर क्वचितच आला असेल.

आतां डॉ. मॅन यांच्याकडे वळूं. आसामकडील चहाच्या मळ्यांसाठीं रसायनतज्ज्ञ म्हणून ते १९०० सालीं या देशांत आले होते. १९०७ सालीं पुण्याचें शेतकी कॉलेज स्वतंत्र झालें, तेव्हां त्याची सूत्रें त्यांच्याकडे आलीं.  गृहस्थ मोठ्या चिकाटीचा. त्यांच्या कारकीर्दींतील आरंभींच्या कामांपैकीं एक काम नीरेच्या खोऱ्यांतील खारवट जमिनींचें आहे. नीरेचा डावा कालवा सुरू होऊन अजून एक पिढीहि लोटली नव्हती, तोंच कालव्याखालील कांहीं चांगल्या जमिनींवर पांढरी खार फुटूं लागली होती. मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनीं १९१० च्या सुमारास त्याचें कारण दाखवून दिलें. पाणी भरपूर द्यावयाचें आणि निचऱ्याची वाट ठेवावयाची नाहीं, मग खालचें पाणी वर चढतें, आपल्याबरोबर क्षार आणतें, आणि ऊन पाण्याला नेऊन क्षार मागें ठेवतें. कालवा हें वरदान, पण निचऱ्यावांचून तेंच शाप होतें, ही गोष्ट उंसाच्या पट्ट्यांतील शेतकऱ्यांना आज कोणी सांगावी लागत नाहीं; त्यांतील कित्येकांनीं आपल्या रानांत ती डोळ्यांनीं पाहिली आहे. एखादी पद्धत दहा वर्षें पिकली म्हणजे ती चांगली असें नव्हे. पन्नास वर्षांनीं जमिनीचें काय होईल, हें पाहावयास हवें. शाश्वत शेतीचा पहिला धडा याहून वेगळा नाहीं.

परंतु मॅन यांचें खरें काम पिंपळे सौदागरचें. जमिनीचें रसायन तपासतां तपासतां त्यांच्या लक्षांत आलें असावें कीं, माती कितीहि तपासली तरी ती कसणाऱ्याच्या घरांत डोकावल्यावांचून उत्तर पुरें होत नाहीं. डी. एल. सहस्रबुद्धे, एन. व्ही. कानिटकर, ताम्हाणे वगैरे कॉलेजांतील मंडळी त्यांच्याबरोबर होती. या अभ्यासावरील पुस्तक मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक मालेंतील पहिला ग्रंथ म्हणून १९१७ सालीं निघालें. शेतकी कॉलेजच्या प्राचार्याचें पुस्तक अर्थशास्त्राच्या मालेंत यावें, यांतच पुष्कळ कांहीं आलें.

त्यांतील आंकडे आजहि वाचवत नाहींत. जुन्या दप्तरांवरून मॅन यांनीं दाखविलें कीं, १७७१ सालीं या गांवांत एका खातेदाराकडे सरासरीनें ४० एकर जमीन होती. १८१८ सालीं, म्हणजे पेशवाई बुडाली तेव्हां, ती साडेसतरा एकरांवर आली. १८२० ते १८४० या काळांत १४ एकर, आणि १९१४–१५ सालीं अवघी ७ एकर. ही जमीन तरी एका ठिकाणीं असावी? तसेंहि नव्हतें. १५६ मालकांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती. त्यांतील ४६३ तुकडे एक एकराहून लहान, आणि ११२ तुकडे तर पाव एकराहूनहि लहान. पाव एकराच्या तुकड्यावर बांध किती, वाट किती, आणि पीक किती, याचा हिशेब प्रत्येकानें मनाशीं करावा. विहीर कोणाच्या तुकड्यांत काढावयाची? खताची गाडी कोणाच्या शेतांतून न्यावयाची? प्रयोगक्षेत्रावर सिद्ध झालेली उत्तम सुधारणा अशा तुकड्यावर येऊन लंगडी पडते, आणि मग शहाणे लोक म्हणतात, शेतकरी सुधारणा घेत नाहीं.

पिंपळे सौदागर पुण्याजवळचें. तेथील माणसांना शहरांत व कारखान्यांत कांहीं काम तरी मिळे. म्हणून मॅन व कानिटकर यांनीं दुसरा अभ्यास पुणें जिल्ह्यांतीलच, परंतु अवर्षणी भागांतील, जातेगांव बुद्रुकचा केला, आणि तो १९२१ सालीं छापला. पुढें मॅन हे मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक झाले आणि १९२७ सालीं निवृत्त होऊन मायदेशीं परतले. कानिटकर मात्र त्या कोरड्या मुलुखाला चिकटून राहिले. मांजरी आणि नंतर सोलापूर येथें त्यांनीं जिराईत शेतीच्या संशोधनांत आयुष्य घातलें. पावसाचा थेंब शेतांतच अडवावा, त्यासाठीं उताराला आडवे समपातळी बांध घालावे, नांगरट व कुळवणी ओल टिकविण्याच्या दृष्टीनें करावी, बी विरळ पेरावें, म्हणजे असेल त्या ओलीवर कणीस भरतें, असा त्या संशोधनाचा मतलब. १९४४ सालीं हिंदुस्थानांतील कोरडवाहू शेतीवर त्यांचें पुस्तक निघालें. फुल्यांच्या ताली आणि कानिटकरांचे बांध यांत साठ वर्षांचें अंतर आहे. दोघांचें म्हणणें मात्र एकच, कीं माती आणि पाणी यांना शेताबाहेर जाऊं देऊं नये.

मॅन यांनीं पुण्यांत जें माणसाच्या बाजूनें केलें, तेंच मातीच्या बाजूनें करणारा दुसरा इंग्रज उत्तरेंत होता. त्याचें नांव अल्बर्ट हॉवर्ड. जन्म १८७३ सालचा. श्रॉपशायर परगण्यांतील शेतकऱ्याचा मुलगा. केंब्रिजला शास्त्रविषयांत पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झालेला. १८९९ पासून तीन वर्षें तो वेस्ट इंडीज बेटांत वनस्पतिरोगांचा तज्ज्ञ होता. उंसाच्या आणि कोकोच्या रोगांवर लोकांना सल्ला द्यावयाचा, पण स्वतःचें म्हणून एक वाफाहि कसावयाचा नाहीं, ही स्थिति त्याला टोंचूं लागली. जो सल्ला आपण स्वतःच्या शेतांत करून पाहिला नाहीं, तो दुसऱ्याला कोणत्या तोंडानें द्यावा?

ती संधि त्याला १९०५ सालीं बिहारांत पुसा येथें मिळाली. हेन्री फिप्स नांवाच्या अमेरिकन धनिकानें लॉर्ड कर्झन यांच्या स्वाधीन केलेल्या ३०,००० पौंडांच्या देणगींतून तेथें मोठी शेतकी संशोधनसंस्था उभी राहत होती. हॉवर्ड तेथें सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून दाखल झाले. त्यांची पत्नी गॅब्रिएल याहि केंब्रिजच्या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या; १९१३ सालीं त्यांना स्वतंत्र सरकारी हुद्दा मिळाला, आणि दोघांनीं मिळून 'पुसा ४' व 'पुसा १२' या गव्हाच्या प्रसिद्ध जाती तयार केल्या. बायकोचें काम नवऱ्याच्या नांवावर जमा होण्याची रीत विद्वानांतहि आहे. या जोडप्यानें बहुतेक लिखाण दोघांच्या नांवें केलें, ही उल्लेखनीय गोष्ट होय.

पुसाच्या आसपासच्या खेड्यांत हॉवर्ड यांना एक गोष्ट दिसली. तेथील शेतकऱ्याजवळ औषध नाहीं, फवारणी नाहीं, तरीहि त्याचें पीक बरेंच निरोगी. त्यांनीं ठरविलें कीं आपले गुरु हेच. शेतकरी आणि पिकावर पडणारी कीड, या दोघांना ते आपले प्राध्यापक म्हणूं लागले. कीड ही शत्रु नसून परीक्षक आहे. कोठें माती बिघडली, कोठें मुळांना हवा मिळत नाहीं, कोठें जात चुकली, हें ती दाखविते, अशी त्यांची दृष्टि. पंचाहत्तर एकरांवर त्यांनीं स्थानिक पद्धतीनें, गव्हांत हरभरा व ज्वारींत तूर अशीं मिश्र पिकें घेत, मूळ किती खोल जातें तें खणून पाहत काम केलें. आपल्याकडे बाजरींत तुरीची ओळ आणि रब्बी ज्वारींत करडई कां पेरतात, हें ज्यानें आजोबांना विचारलें असेल त्याला हॉवर्ड यांचें शास्त्र समजावयास वेळ लागणार नाहीं.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. आपल्या निरोगी चाऱ्यावर पोसलेल्या बैलांनीं शेजारच्या लाळ्या-खुरकताच्या गुरांना नाकें घांसलीं तरी त्यांना रोग झाला नाहीं, असें हॉवर्ड लिहितात, आणि त्यावरून मोठा सिद्धान्त काढतात. कोणा पशुवैद्यानें आज त्यावर विसंबून लस टोंचावयाचें सोडलें तर तो गुरें मारील. मोठ्या माणसांच्या हातून आपल्या शोधाच्या भरांत असें होतें. रासायनिक खतांविषयींहि त्यांची भाषा पुढें पुढें फार कडक होत गेली, आणि इंग्लंडांत रॉथमस्टेड येथें १८४३ पासून चाललेल्या दीर्घ प्रयोगांना त्यांनीं पुरता न्याय दिला असें मला वाटत नाहीं. असो.

हॉवर्ड यांचें खरें भांडण होतें तें शास्त्राच्या वांटणीशीं. पुसाला वनस्पतीचें खातें निराळें, कीटकांचें निराळें, बुरशीचें निराळें, रसायनाचें निराळें. पिंपळे सौदागरच्या जमिनीचे जसे तुकडे, तसेच हे ज्ञानाचे तुकडे! पिकाला मात्र आपण कोणत्या खात्यांत मोडतों हें ठाऊक नसतें. म्हणून सर्व खातीं एका पिकाभोंवतीं, एका शेतावर एकत्र आणणारी संस्था हवी, असा त्यांनीं आग्रह धरला. सरकारी खात्यांत तो चालला नाहीं. शेवटीं मध्यवर्ती कापूस समितीचा पैसा, मध्य हिंदुस्थानांतील संस्थानांची वर्गणी, आणि होळकर दरबारानें नव्याण्णव वर्षांच्या करारानें दिलेली तीनशें एकर जमीन यांवर १९२४ सालीं इंदूर येथें 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' ही संस्था निघाली. माळव्याच्या काळ्या जमिनींत, आपल्या मराठी होळकरांच्या राजधानींत, जगांतील सेंद्रिय शेतीच्या विचाराला शास्त्राचें रूप मिळालें.

तेथें त्यांना एक सहकारी मिळाला, तो म्हणजे यशवंत वाड. रसायनाची बाजू सारी त्यांच्याकडे होती. प्रश्न असा होता: कापसाच्या पऱ्हाट्या, उंसाचें पाचट, धसकटें, तण, हीं शेतांतून दरवर्षीं निघतात, शेतकरी तीं जाळतो किंवा फेंकतो. दुसरीकडे शेण बरेंचसें चुलींत जातें. मग जेवढें शेण उरतें त्याच्यांत हा सारा काडीकचरा मिसळून, थोड्या दिवसांत, कोठलेंहि विकत सामान न आणतां, त्याचें काळें भुसभुशीत खत कसें होईल? उकिरडा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. चीन व जपान येथील शेतकरी तर हें काम फार निगुतीनें करीत, आणि अमेरिकेंतील प्रो. किंग यांनीं १९११ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत त्याचें वर्णन केलें होतें. इंदूरास घडलें तें असें कीं, शेतकऱ्याच्या या अनुभवाला मोजमाप मिळालें.

पद्धत अगदीं साधी. पऱ्हाट्यांसारखा टणक माल आधीं शेतांतील रस्त्यावर पसरावयाचा. गाड्यांच्या चाकांखालीं तो आपोआप चिरडला जातो. तो मग गोठ्यांत गुरांखालीं पसरावा, म्हणजे गोमूत्र त्यांत मुरतें. गोठ्यांतील मुतानें भिजलेली मातीहि फुकट घालवूं नये, कारण नत्राचा मोठा सांठा त्यांतच असतो. दोन फूट खोल, उतरत्या कडांच्या, ऐसपैस खड्ड्यांत हा काडीकचरा, शेण, मूत्रमाती आणि लाकडाची राख यांचे थर घालून पाणी शिंपडावें. पहिली उलथापालथ पंधरवड्याच्या सुमारास, दुसरी महिन्यानें, तिसरी दोन महिन्यांनीं. तीन महिन्यांत खत तयार. बैलांच्या एका जोडीमागें वर्षांत सुमारें पन्नास गाड्या खत निघतें, असा इंदूरचा अनुभव.

हें ऐकावयास सोपें वाटतें. करतांना काय होतें तें सांगतों. मी ज्या शाळेंत होतों, तेथें दर शनिवारीं मुलें मैदानांतील पाला गोळा करीत आणि आम्ही शिक्षक तो जाळवीत असूं. स्वच्छतेच्या तासाला त्याचे गुणहि मिळत! हॉवर्ड-वाडांची पद्धत वाचल्यावर मीं मुलांकडून एक खड्डा खणून घेतला, पाला भरला, शेजारच्या गोठ्यांतील शेण आणविलें, आणि उत्साहाच्या भरांत त्यावर बादल्याच्या बादल्या पाणी ओतविलें. आठ दिवसांत अशी घाण सुटली कीं वर्ग बंद ठेवण्याची पाळी आली, आणि वरिष्ठांचें जें ऐकावयाचें तें ऐकावें लागलें. चूक माझी होती. त्या खड्ड्यांत काम करणारे मजूर म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जंतु; त्यांना पाणी हवें तशीच हवाहि हवी. पाणी फार झालें कीं हवा कोंडते, आणि कुजण्याऐवजीं सडणें सुरू होतें. शेजारच्या गोठ्यांतील म्हातारीनें पाहतांच सांगितलें, "गुरुजी, उकिरड्याला श्वास घेऊं द्या कीं." वाडांनीं प्रयोगशाळेंत जें काढलें, तें तिनें नाकानें ओळखलें होतें. दुसरा खड्डा तिच्या सांगण्याप्रमाणें भरला.

हॉवर्ड व वाड या दोघांच्या नांवें हें सारें १९३१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. शेतींतील टाकाऊ मालाचें ह्यूमसमध्यें रूपांतर कसें करावें, हा त्याचा विषय. गॅब्रिएलबाई तें पाहावयास राहिल्या नाहींत. १९३० सालींच त्यांचें निधन झालें होतें. १९३१ सालीं हॉवर्ड हिंदुस्थान सोडून गेले. १९३५ च्या एप्रिलांत महात्मा गांधी इंदूरास आले असतां त्यांनीं या संस्थेला भेट देऊन तेथील खताची पद्धत पाहिली. 'इंदूर पद्धत' हें नांव चहाकॉफीच्या मळ्यांतून देशोदेशीं गेलें. १९४० सालचें हॉवर्ड यांचें 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' हें पुस्तक वाचून इंग्लंड-अमेरिकेंत सेंद्रिय शेतीची चळवळ बळावली. अमेरिकेंत रोडेल यांचें मासिक १९४२ सालीं निघालें, इंग्लंडांत सॉइल असोसिएशन १९४६ सालीं स्थापन झालें. हॉवर्ड यांना 'सर' ही पदवी मिळाली, आणि १९४७ सालीं ते वारले तेव्हां ते एका पंथाचे प्रवर्तक मानले जात होते. त्या पंथाच्या अनुयायांत वाडांचें नांव फारसें कोणी घेत नाहीं. आणि पुसाच्या व माळव्याच्या ज्या शेतकऱ्यांना हॉवर्ड प्राध्यापक म्हणत, त्यांपैकीं एकाचेंहि नांव आपल्याला ठाऊक नाहीं.

स्वातंत्र्यानंतर आपण विद्यापीठें काढलीं तीं अमेरिकेच्या धर्तीवर. पहिलें पंतनगरला १९६० सालीं. महाराष्ट्रांत राहुरी १९६८, अकोला १९६९, आणि परभणी व दापोली १९७२. या विद्यापीठांना नांवें ठेवणें आज सोपें आहे. पण १९७२ चा दुष्काळ मीं शाळकरी वयांत पाहिला आहे. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायामाणसांना मिळणारी सुकडी घरीं आणली म्हणजे आम्ही मुलें तिच्यावर तुटून पडत असूं. त्या वेळीं देशाला धान्य हवें होतें, ताबडतोब हवें होतें, आणि नव्या जाती, कालवे व रासायनिक खतें यांनीं तें दिलें. जो म्हणेल कीं तें सारें चुकलें, त्यानें तसला एक उन्हाळा काढलेला नसावा. चुकलें तें इतकेंच कीं, धान्याच्या त्या घाईंत नीरेच्या खारीचा धडा, पिंपळे सौदागरचा हिशेब आणि इंदूरचा खड्डा हीं तिन्हीं अभ्यासक्रमाच्या कोपऱ्यांत गेलीं. पुन्हां खातीं निराळीं झालीं. १९८१ सालीं जर्मनींत कासेल विद्यापीठानें या विषयाचें स्वतंत्र अध्यासन निर्माण केलें, आणि नंतर ठिकठिकाणीं असे अभ्यासक्रम निघाले, तेव्हां आपल्याकडील तरुणांना तें परदेशांतून आलेलें नवें शास्त्र वाटलें.

पिंपळे सौदागरचे ते ७२९ तुकडे आतां कोणाला वेगळे दाखवितां यावयाचे नाहींत. त्यांच्यावर सिमेंट पडलें आहे. मात्र घनकचऱ्याविषयीं २०१६ सालीं झालेल्या नियमांनीं मोठ्या वसाहतींवर, आपला ओला कचरा शक्यतों आपल्याच आवारांत जिरविण्याची जबाबदारी घातली. तेव्हांपासून शहरांतील पुष्कळ इमारतींच्या मागल्या बाजूस भाजीच्या देठांच्या व फळांच्या सालींच्या टाक्या दिसूं लागल्या. त्यांवर देखरेख करणाऱ्या एका तरुण गृहस्थाला मीं विचारलें, हें कोठें शिकलांत? त्यानें मोबाइलवरील एक चित्रफीत दाखविली. थर घालणें, बेताचें पाणी, हवा, आणि ठरलेल्या दिवशीं उलथापालथ. क्रम सारा इंदूरचाच होता. मीं त्याला यशवंत वाडांचें नांव सांगितलें. त्यानें तें टाकीवर लावलेल्या तारखांच्या कागदाखालीं पेन्सिलीनें लिहून घेतलें.